बाळाच्या आईला पाठवा

...नाही नाही, चुकून नाही आलो ताई, हीच पहिली 'ब' आणि हीच माता-पालक सभा, फळ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, वाचता येतं हो मला! गेटवर शिपायानं अडवलंच. म्हणाला, आज बाप्यांचं काम नाही, आईला पाठवा. आता तुम्हाला सांगतो, सहा वर्षं मी हे एकच वाक्य ऐकतोय, बाळाच्या आईला पाठवा, आणि म्हणणारा असं म्हणतो की जसं काही मी तिला घरात कडी लावून कोंडून ठेवलीय आणि मुद्दाम पाठवत नाहीय.

सरकता का जरा? हां... बाकडी पण काय, पोरांच्या मापाची, गुडघे कानाला लागतात. बाई यायच्यात अजून, तोवर सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सगळ्याजणी सभाभर माझ्याकडंच बघत बसाल, की हा एकटा पुरुष इथं काय करतोय. मी सहादू. स्नेहाचा पप्पा. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, तुमच्या समर्थच्या डब्यातली बटाट्याची भाजी खाते ना, तीच. माफ करा हं त्याबद्दल. माझ्या भाजीत मीठ मोजून असतं, पण चव काही मोजता येत नाही.

तर तिची आई नाही. स्नेहा एकोणीस दिवसांची होती, नव्याण्णव साल, तेव्हा सुजाता गेली. ताप आला, चढला, उतरलाच नाही. त्यात सांगण्यासारखं आणखी काही नाही. नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं, बुद्धांना खीर देणाऱ्या सुजातेचं, आणि ही बया दर वैशाख पौर्णिमेला मोठं पातेलं भरून खीर करायची, अख्ख्या गल्लीला वाटायची, मला म्हणायची, नावाला जागायला नको? सगळ्या श्रमिकनगरला खीर पाजली हो तिनं, आणि पोटच्या पोरीला दूध मिळालं एकोणीस दिवस.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि माझ्या सासूबाई, लताबाई, चांदवडच्या, त्यांनी पोरीची दुपटी गाठोड्यात बांधायला घेतली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाल्या, "जावईबापू, बाप्या मानसाला हे जमायचं नाय. मी नेते हिला, शेळी हाय दारात." बोलण्यात काही वावगं नव्हतं बघा. रीतच आहे. पण माझ्या तोंडातून नाही म्हणून गेलं, कसं गेलं मलाच कळलं नाही. अहो, बायको गेलेली, आता पोरगी पण गेली तर मी त्या दोन खोल्यांत करू काय? कुकरच्या शिट्ट्या मोजत बसू? लताबाईंनी गाठोडं सोडलं आणि करार केला. पोर दोन महिन्यांची होईस्तोवर थांबते म्हणाल्या. दवाखान्यातल्या सिस्टरच्या काट्यावर पोर भरली तर तुमची. नाय भरली तर माझी.

म्हणजे मला पोरगी ठेवायची तर वजन वाढवायचं, आणि वजन वाढवायचं तर डबा. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, समजावलं पण. मी सायकल काढली, द्वारका सर्कलला गेलो औषधाच्या दुकानात, म्हटलं, तान्ह्या बाळासाठीची दुधाची पावडर द्या, आणि यातली चांगली कुठली ते सांगा. दुकानदारानं माझ्याकडं असं बघितलं की जसं काही मी दारू मागितली. म्हणाला, आम्ही यातलं काही सुचवत नाही, कायदा आहे, बाळाच्या आईला पाठवा. आता कुठून पाठवू? डबा दिला पेपरात गुंडाळून. घरी येऊन उघडतो तर डब्यावर काही म्हणजे काही नाही. माझ्या बहिणीच्या वेळेला काय डबे असायचे! गुटगुटीत बाळ, गालाला खळी, ते बघूनच वाटायचं की आपलं पण असं होणार. आता नुसती अक्षरं, आयएसआयचा शिक्का आणि तारीख. दवाखान्यातल्या सावित्रीबाई सिस्टरनं मग मला सांगितलं, की ब्याण्णव सालापासून कायदाच आहे, डब्यावर बाळाचं चित्र नको, आईचं चित्र नको, कारण ती गुटगुटीत पोरं बघून चांगल्या अंगावर पाजणाऱ्या बायका डब्याच्या नादी लागायच्या, आणि मग पावडर पुरवायची म्हणून पाणी वाढवायच्या, आणि पोरं खंगायची. बरोबर आहे कायदा. माझं कायद्याशी भांडण नाही, लिहून घ्या.

माझं भांडण त्या वाक्याशी. 'आईचे दूध हेच तुमच्या बाळासाठी सर्वोत्तम.' ठळक अक्षरात, झाकणाच्या बरोबर खाली. दिवसातून आठ वेळा दूध करायचं, म्हणजे आठ वेळा वाचायचं. पहिल्या दिवशी मी वाचलं आणि मान हलवली, म्हटलं, मान्य. दुसऱ्या दिवशी म्हटलं, हो बाबा, मान्य. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, पोरगी रडून लालबुंद, स्टोव्ह फरफरतोय, पाणी उकळतंय, आणि ते अक्षर आपलं शांतपणे मला सांगतंय, सर्वोत्तम. मी डब्याला म्हटलं, अरे शंभर टक्के मान्य, पण आता झाकण उघडू की नको ते सांग! डब्याशी बोलायला लागलो होतो, ताई. दुसरं कोण होतं बोलायला?

आणि बाटली. इथंच माती खाल्ली मी, पण तेव्हा कळलं नाही. त्याच दिवशी द्वारकेला सर्कलच्या पुढं एक हातगाडी होती, प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, आणि त्यात दुधाच्या बाटल्या. औषधाच्या दुकानातल्या बाटलीचा खोका पण डब्यासारखाच, कोरा. हातगाडीवरच्या खोक्यावर चित्र होतं. एक बाई, केस मोकळे, मांडीवर बाळ, आणि बघते कुठं? बाळाकडं नाही, सरळ आपल्याकडं. हसून. जसं काही म्हणतेय, घेऊन जा, होईल सगळं नीट. मी तिच्या तोंडाकडं बघून बाटली घेतली, खोटं कशाला सांगू. आणि खोका टाकला नाही. ओट्यावरच्या फळीवर उभा केला. दूध करताना कुणीतरी बघतंय असं वाटायचं, बस्स, एवढंच.

आता माझं काम काय, ते सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढची फजिती कळायची नाही. सातपूरला कारखान्यात मी गेजरूमला आहे. म्हणजे मशीनवर जो भाग तयार होतो, तो बरोबर आहे का ते ज्या मापांनी बघतात ना, ती मापं सांभाळायची. केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक असला तरी आम्ही माल परत पाठवतो. अख्खा कारखाना मला मागनं शिव्या देतो, आणि पुढून साहेब म्हणतो. तर असल्या माणसाच्या हातात डबा आला. डब्यावर लिहिलेलं, उकळून कोमट केलेलं पाणी तीस मिली, त्याला पावडर सपाट एक चमचा. चमचा डब्यातलाच, दुसरा वापरायचा नाही. वा! म्हटलं, हे आपलंच काम आहे. मी कामावरची स्टीलची पट्टी आणली, उकळून घेतली, चमचा भरला की पट्टी फिरवायची, वरचा कण न् कण खाली. एकशेवीस मिली पाणी, चार चमचे. पाण्यात थर्मामीटर. भिंतीवर वही टांगली, वेळ, पाणी, चमचे, किती प्यायली, किती ओकली, खाली सही. माझीच सही. तपासणारा म्हणून दुसरी सही पाहिजे असते आमच्यात, ती पण माझीच.

पहिली पाळी माझी, सात ते साडेतीन. तेवढा वेळ स्नेहाला खालच्या मजल्यावरच्या पुतळाबाई बघायच्या. साठीची बाई, एकटी, मुलगा सुरतेला. त्यांना मी पट्टी कशी फिरवायची ते शिकवलं, बाटलीत पाणी कुठल्या रेघेपर्यंत तेही दाखवलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणतात कशा, अहो भाऊ, हे लेकरू आहे का मशीन? मी म्हटलं, पुतळाबाई, चमचा सपाट पाहिजे. बरं बाबा, सपाट तर सपाट. आणि तुम्हाला सांगतो, त्या सपाटवर मला एक शंका आली. सपाट म्हणजे किती सपाट? आमच्यात प्रत्येक मापाला लिहिलेलं असतं की इतकं इकडं, इतकं तिकडं चालेल. डब्यावर तसं काहीच नाही! म्हणून मी कंपनीला पत्र लिहिलं, रीतसर, चमच्याची आकृती काढून. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, छापील, गुलाबी कागदावर. 'प्रिय माता...' प्रिय माता, आपल्या पत्राबद्दल आभार, आईचे दूध हेच सर्वोत्तम. मी ते पत्र दोनदा वाचलं, मग पाकीट बघितलं, पत्ता माझाच होता. त्या कंपनीत कुणाच्या डोक्यातच येईना की असलं पत्र बाप्या लिहील.

आणि एवढं सगळं करून वजन वाढेना!

दर सोमवारी दुपारी पालिकेच्या दवाखान्यात जायचो, काट्याला झोळी, झोळीत स्नेहा. आजूबाजूला सगळ्या बायका, पदराआड पाजताहेत, मी भिंतीकडं तोंड करून उभा. नवीन कोणी असलं की विचारणारच, आई कुठंय, तिला पाठवा ना. महिन्याची झाली तेव्हा तीन किलो. दीड महिना, तीन किलो शंभर. दोन महिन्याला येतेय, तीन किलो दोनशे! काटा आपला तिथंच झुलतोय. आणि पोरगी पीत नव्हती असं नाही, बाटलीच्या बाटली रिकामी करायची, पोट टम्म, ढेकर पण द्यायची, आणि तासाभरात परत रडं. सावित्रीबाई सिस्टर चांगली बाई, पण तोंडानं फटकळ. चष्म्यावरून बघून म्हणाली, पाणी जास्त घालता का हो? ताई, मला असा राग आला! मी? पाणी? मी वहीच काढून दाखवली, सह्यांसकट. तिनं वही बघितली, पोरीकडं बघितलं, पोरीच्या मांडीची कातडी चिमटीत धरून बघितली, आणि म्हणाली, वहीचं वजन वाढलंय.

लताबाई आल्या त्याच संध्याकाळी, एसटीनं. दारात चप्पल काढली, पोरीला उचललं, आणि काही बोलायच्या आत त्यांची नजर फळीवर गेली. त्या खोक्यावरच्या बाईवर. मोकळे केस, हसतेय. लताबाईंनी पोरीला छातीशी आवळलं आणि म्हणाल्या, "माझी लेक जाऊन अजून दोन महिने नाय झाले. ही कोन?" आता काय सांगू! म्हटलं, आई, ही बाटलीवरची आहे. बाटलीवरची म्हंजी? अहो, बाटलीसोबत आली. त्यांनी खोका हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला, आणि मग माझ्याकडं असं बघितलं, की त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सुजाताचा फोटो नव्हता का, तर होता, लग्नातला, सत्तावीस माणसं उभी, आणि त्यात नेमके तिचे डोळे मिटलेले. तो मोठा करून घ्यायला स्टुडिओत जायचं होतं. मी जात नव्हतो. गेलो असतो तर तो विचारणार, हार घालायचाय का. मला तेवढं उत्तर द्यायचं नव्हतं.

मग त्यांनी पोरीचे पाय चाचपले. "लय वाळली हो," एवढंच. ओरडल्या नाहीत. पुढच्या सोमवारी येते, म्हणाल्या, काट्यावर दिसलं तर दिसलं, नायतर गाठोडं बांधून ठेवा. आठ दिवस.

आणि मग मी ते केलं, ज्याची मला आजपण लाज वाटते. डोकं चाललं ते उलटंच चाललं. माझ्या हातचं दूध बरोबर, वही बरोबर, पट्टी बरोबर. मग चूक कुणाची? पुतळाबाईंची! मी कामावर असताना या पावडर कमी घालत असणार. दुसऱ्या दिवशी मी डब्याच्या आतून पेन्सिलीनं खूण करून गेलो. पावडर बरोबर उतरलेली. तरी मी खाली जाऊन विचारलंच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते. पुतळाबाईंनी स्नेहाला माझ्या हातात दिलं, तिची दुपटी घड्या घालून वर ठेवली, आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून रजा टाकून मी घरात बसलो. मी, पोरगी, डबा आणि ती खोक्यावरची बाई. दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि बोलायला तोंड मीच ठेवलं नव्हतं. गल्लीत पोरं खेळायची, कुणाची तरी आई हाक मारायची, जेवायला चला रे. आत मी पट्टी फिरवायचो. इतकं एकटं मला सुजाताला पोचवून आलो त्या दिवशी पण वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला, आयएसओचे तपासनीस येणार, तू पाहिजेस, पोरीला घेऊन ये पण ये. तेव्हा सातपूरला आयएसओचं लई वेड होतं. गेलो, स्नेहाला टाइमऑफिसातल्या मनीषा मॅडमच्या टेबलावर झोपवलं. तपासनीस आले, पुण्याचे, बारीक आवाजाचे गृहस्थ. माझी सगळी मापं बघितली, प्रत्येकावर चिकटवलेली तारीख बघितली, खूश झाले. मग बाकावर ठेवलेली माझी पट्टी उचलली. तीच, घरची. मी सकाळी खिशात घालून आणलेली. म्हणाले, हिच्यावर तारीख नाही? मी म्हटलं, ही घरच्या वापराची. तर हसून म्हणाले, "ज्यानं तुम्ही मोजता, ते कोणी मोजलंय, हे विचारल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवायचा नाही, बरं का."

ताई, मी त्यांच्या हातातली पट्टीच काढून घेतली. दहा वर्षं मी हेच वाक्य कामावरच्या पोरांना शिकवतोय! पट्टी बरोबर, चमचा कंपनीचा, पावडर शिक्क्याची... आणि पाणी? पाणी मी कशानं मोजत होतो?

प्लेटिंगवाल्यांकडून, त्यांना रसायनं मोजायला लागतात, काचेचं नवंकोरं मोजपात्र मागून घेतलं, एका हातात ते, एका हातात पोरगी, घरी आलो. बाटलीत एकशेवीसच्या रेघेपर्यंत पाणी भरलं. मोजपात्रात ओतलं. एकशेपासष्ट. परत भरलं, परत ओतलं. एकशेपासष्ट! साठच्या रेघेला बघितलं, ब्याऐंशी. म्हणजे ज्यानं कुणी ती बाटली बनवली त्यानं रेघा अंदाजानं मारलेल्या, शोभेला. आणि मी त्या शोभेच्या रेघेवर डोळा लावून, खाली वाकून, एका डोळ्यानं बघून पाणी भरत होतो. चार चमचे सपाट, केसाचाही फरक नाही, आणि त्याच्यात पंचेचाळीस मिली पाणी जादा. पुतळाबाई पण बिचाऱ्या मी दाखवलेल्या रेघेलाच इमान राखून होत्या. दीड महिना माझी पोर पोटभर पाणी पीत होती. आणि मी वहीत सह्या करत होतो.

मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. सुजाता गेली तेव्हा माणसं होती, रडायला लाज वाटली. आता कुणी नव्हतं, स्नेहा होती फक्त, ती बघत बसली. मग मी खोका उचलला. आयएसआयचा शिक्का नाही. कारखान्याचं नाव नाही. नुसती ती हसणारी बाई. आणि तेव्हा कळलं की कायद्यानं ते चित्र काढायला का लावलं. मला वाटलं होतं, नादी लागतात त्या बायका. बाप्ये पण लागतात हो. मी त्या बाईसाठी बाटली घेतली, आणि बाटलीत काय आहे ते बघितलंच नाही.

पुतळाबाईंच्या दारात गेलो. कडी वाजवली. त्यांनी दार उघडलं, मी म्हटलं, बाटली खोटी होती, तुम्ही नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला माझा संशय आला याचं नाय वाईट वाटलं. दोन दिवस लेकराचा आवाज वरून ऐकला, आणि वर येता येईना, त्याचं वाटलं." आणि आत गेल्या, आणि कोनाड्यातून बोंडलं काढून आणलं, चोचीचं, पितळेचं, त्यांच्या मुलाचं, चिंचेनं लख्ख घासलेलं. बाटली फेका, म्हणाल्या, याच्यानं पाजा. मी सिस्टरला विचारून आलो. ती म्हणाली, देवा, शहाणपण आलं एकदाचं, बाटलीपेक्षा वाटी आणि बोंडलंच बरं, उकळून घ्या म्हणजे झालं. मोजपात्र मात्र मी सोडलं नाही, स्वतः जाऊन नवीन विकत आणलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकपण फुंकून पितो.

उरले तीन दिवस. तीन दिवसांत काय होणार! मी वहीत लिहायचं सोडून दिलं. पुतळाबाई मांडीवर घेऊन पाजायच्या, मी पट्टी फिरवायचो. पहिल्यांदा बघितलं, पोरगी पिऊन झाल्यावर झोपली. रडली नाही. तीन तास झोपली! मला वाटलं, काही झालं की काय, मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसलो.

सोमवार. लताबाई सकाळच्या एसटीनं थेट दवाखान्यात. सोबत रिकामी पिशवी. झोळीत स्नेहाला घातली, काटा झुलला, झुलत राहिला, थांबेचना. सिस्टर वाकून बघते. तीन किलो तीनशे ऐंशी. एका आठवड्यात एकशेऐंशी ग्रॅम, आणि त्यातले चार दिवस तर पाण्याचेच. आनंद व्हायला पाहिजे ना? माझ्या तोंडातून काय निघावं? म्हटलं, सिस्टर, हा काटा शेवटचा कधी तपासलाय? अहो, पिशवीत मी कारखान्यातलं दोन किलोचं प्रमाण वजन आणलंच होतं! सिस्टर कपाळाला हात लावून बसली. लताबाई म्हणाल्या, सहादू, पुरे. जावईबापू नाही म्हणाल्या, सहादू. पोरीला झोळीतून काढली, मांडीला हात लावला, आणि माझ्या हातात दिली.

मला वाटलं, जिंकलो. मग त्या घरी आल्या. पिशवी रिकामी नव्हती तर. तळाला एक पाकीट होतं. सुजाताचा फोटो, दहावीच्या फॉर्मला काढलेला, दोन वेण्या, डोळे उघडे. सोबत दुसरी प्रत नव्हती, एवढा एकच त्यांच्याकडं होता. त्यांनी फळीवरचा खोका काढला, फोटो ठेवला. म्हणाल्या, "पोरीनं बघायचं तर हिला बघू दे." आणि रिकामी पिशवी घडी करून चांदवडची एसटी पकडायला गेल्या. मी खिडकीतून बघितलं, एवढीशी बाई, रस्त्यानं एकटी चाललेली. मी माझी पोर राखली खरी, ताई, पण त्यांची तर आधीच गेली होती, आणि त्या फोटोवाचून परत गेल्या. ते माझ्या मोजपात्रात कुठं मावणार होतं.

असो. मोठी झाली. सहा महिन्यांची झाल्यावर नाचणीची पेज, मऊ भात, डबा सुटला. रिकाम्या डब्यात मी तूरडाळ ठेवतो. आणि आता ही शाळा, आता वाचायला यायला लागलंय, आणि दिसेल ते वाचते, दुकानाच्या पाट्या, एसटीचे बोर्ड. परवा स्वयंपाकघरात डाळीचा डबा घेऊन बसली. एकेक अक्षर, बोट लावून. आई... चे... दूध... हेच... मला कळलं काय येतंय, पण हातात कणीक होती. पूर्ण वाचलं तिनं. मग फळीवरच्या फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. विचारलं, पप्पा, मग आपण काय प्यायलो?

मी म्हटलं, दुसऱ्या नंबरचं. ती म्हणाली, बरं. आणि डाळ सांडली.

मला वाटतं हो, सरकारनं मला पण लेबल लावायला पाहिजे होतं. कपाळावर, ठळक अक्षरात. आई हीच तुमच्या बाळासाठी सर्वोत्तम. हा माणूस आईला पर्याय नाही. सल्ल्याशिवाय वापरू नये. कोरड्या जागी ठेवावा... कोरडा तर मी राहतोच, दिवसभर कोण असतं भिजवायला. आणि चित्र नको. चित्र अजिबात नको, उगाच कुणाची तरी फसगत व्हायची.

हां... आल्या, बाई आल्या. बसतो हो, बसतो, कुठं मावतोय ते बघतो. हजेरी घेताहेत का? आयांची? समर्थची आई... तुम्ही ना, हात वर करा. संघर्षची आई. रूपालीची आई...

काय म्हणालात बाई? स्नेहाची आई?

...नाही बाई. पाठवता नाही येत.

दुसऱ्या नंबरचं आहे. हजर.